शेजारच्या गच्चीवरची छत्री आणि आखाजीला येणारी लेक

वाचकाचं पत्र

आमचं घर यावल तालुक्यातल्या एका मोठ्या गावात, भर पेठेत आहे. दिवाळीनंतर शेजारच्या इमारतीत बँकेची शाखा आणि एटीएम सुरू झालं आणि त्यांच्या गच्चीवर भलीमोठी छत्री बसवली गेली. आमची गच्ची तिला लागूनच, उत्तरेच्या अंगाला. मधे कमरेएवढा कठडा. उन्हाळाभर आमचं सगळं घर गच्चीवर झोपतं, बिबडे-कुरडयाही तिथेच वाळतात. खाटा छत्रीपासून चार-पाच पावलांवर येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी लेक माहेरी येणार आहे. तिला सातवा महिना लागलेला असेल. गल्लीतल्या बाया म्हणतात, त्या छत्रीतून रेडिएशन निघतं, पोटातल्या बाळाला बाधतं, तिला यंदा आणूच नका. यजमान म्हणतात, मधे पत्र्याची भिंत उभी करू. एक माणूस दारावर येऊन रेडिएशन शोषून घेणाऱ्या पट्ट्या विकतो आहे, एकीचे बाराशे रुपये. आमच्या गच्चीवर टीव्हीची छोटी छत्रीसुद्धा आहे, तीही काढून टाकावी का? दिराचा मुलगा फोनमधल्या अ‍ॅपवर रेडिएशन मोजून दाखवतो, तर काटा लाल होतो. तो बारा वर्षांचा आहे. चेंडू पडला की बँकेच्या छत्रीवर चढून काढून आणतो. काय करावं?

— एक आई, यावल तालुका

उत्तर

ताई, लेकीला आखाजीला खुशाल बोलवा आणि रात्री तिची खाट गच्चीवरच टाका. तुम्ही कळवलेली मांडणी पाहता त्या छत्रीपासून तिला किंवा बाळाला धोका नाही. तुमच्या पत्रात काळजी करावी अशी एक गोष्ट मात्र मला दिसली आणि ती तुम्ही शेवटी, जाताजाता लिहिली आहे. चेंडू काढायला पोरगं छत्रीवर चढतं, ते आजपासून बंद करा. कारण पुढे सांगतो.

आधी घरची टीव्हीची छत्री. ती काहीही बाहेर टाकत नाही, फक्त ऐकते. उपग्रह आपल्यापासून जवळजवळ 36,000 किलोमीटर वर आहे. तिथून येणारा टीव्हीचा संदेश खाली पोचेपर्यंत इतका विरळ होतो की एका चौरस मीटरवर वॅटच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी ऊर्जा पडते. ती तुमच्या गच्चीवर, शेतावर, केळीच्या बागेवर सगळीकडे सारखीच पडते, छत्री असो वा नसो. छत्री तेवढीच गोळा करून दांडीवरच्या एलएनबीला, म्हणजे संदेश पकडून टीव्हीकडे पाठवणाऱ्या भागाला, देते. ती काढून टाकली तर घरातला टीव्ही बंद पडेल, बाकी काहीही बदलणार नाही. छत्रीच्या आकारावरूनही धोका ठरत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 प्रचंड छत्र्या आहेत. त्या आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकण्यासाठीच उभारलेल्या आहेत, त्यांच्यातून लहरी सोडल्या जात नाहीत.

बँकेच्या छत्रीचं तसं नाही. तिला व्हीसॅट म्हणतात आणि ती ऐकते तशी बोलतेही. गावाकडे रस्त्याचं खोदकाम झालं की केबल तुटते आणि एटीएम बंद पडतं, म्हणून बँका उपग्रहाचा आधार घेतात. ओळखायची खूण सोपी आहे. टीव्हीच्या छत्रीच्या दांडीवर प्लॅस्टिकच्या टोपीचा छोटा एलएनबी असतो आणि त्यातून येणारी वायर घरात टीव्हीच्या डब्याला जाते. व्हीसॅटच्या दांडीवर एलएनबीच्या जोडीला धातूची एक जड डबी असते, तिला उष्णता बाहेर टाकण्यासाठी पन्हळी असतात आणि तिची केबल वेगळी असते. ती डबी म्हणजे ट्रान्समीटर, तंत्रज्ञ तिला बीयूसी म्हणतात. तिच्यावरच्या लेबलवर किती वॅट ते लिहिलेलं असतं. एटीएमसाठी बहुधा 1 ते 4 वॅटची डबी आणि सव्वा मीटरच्या आसपासची छत्री पुरते.

आता प्रश्न असा की हे दोन-चार वॅट जातात कुठे. सगळ्या हिशेबाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. छत्रीचा आकार विजेरीच्या आरशासारखा असतो. दांडीच्या टोकावरच्या फीडमधून, म्हणजे लहरी सोडणाऱ्या तोंडातून, लहरी छत्रीवर पडतात आणि तिथून एका सरळ झोतात आकाशाकडे निघतात. 14 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी आणि 1.2 मीटरची छत्री धरली, तर पहिले सतराएक मीटर हा झोत साधारण छत्रीएवढ्याच जाडीचा राहतो, मग हळूहळू पसरतो. झोताच्या आत एक आकडा असतो, झोताच्या बाहेर अगदी वेगळा आणि छत्रीच्या पाठीमागे त्याहूनही लहान. छत्री किती जवळ आहे यापेक्षा तुम्ही झोतात आहात की झोताबाहेर, यावर सगळं ठरतं.

तुमची गच्ची छत्रीच्या उत्तरेला आहे हे तुम्ही लिहिलंत, ते फार कामाचं आहे. असले उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, त्यामुळे खान्देशातली प्रत्येक छत्री दक्षिणेकडे तोंड करून बसते, कुणी थोडी आग्नेयेला, कुणी थोडी नैर्ऋत्येला. म्हणजे तुमच्या खाटा तिच्या पाठीमागे येतात. शिवाय भारतासाठीचे आपले उपग्रह जळगाव-धुळ्याकडून पाहिले तर क्षितिजापासून साधारण 50 ते 65 अंश उंचीवर असतात. झोत समोर आडवा जात नाही, तो चढत जातो. दक्षिणेला पाच मीटरवर कुणाची भिंत असेल, तर ती छत्रीपेक्षा निदान पाच मीटर उंच असेल तेव्हाच झोत तिला लागेल. तसं झालं तर बँकेची लिंकच तुटेल, म्हणून बसवणारा माणूस मोकळं आकाश बघूनच जागा निवडतो. छत्री 'आमच्या खिडकीकडेच बघते' अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. ज्या छत्र्यांची दांडी खालच्या काठातून पुढे आलेली असते, त्यांचा झोत छत्री जिकडे बघतेय असं वाटतं त्याच्याही वीसेक अंश वर जातो. डोळ्याला दिसणारी दिशा आणि झोताची दिशा एक नसते.

आता आकडे. आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे आयसीएनआयआरपीने, या लहरींसाठी सामान्य माणसांची मर्यादा चौरस मीटरला 10 वॅट ठरवली आहे. अमेरिकेतल्या दळणवळण नियामकाची, म्हणजे एफसीसीचीही तीच आहे. ही कामगारांची मर्यादा नव्हे, ती 50 आहे. लेकराबाळांसकट, गरोदर बायकांसकट सगळ्यांसाठीची ही 10 वॅटची मर्यादा शरीर तापवणाऱ्या पातळीच्या कितीतरी खाली ठेवलेली आहे. एफसीसीने 1997 साली छत्र्यांचा हिशेब कसा करायचा याची पद्धत एका बुलेटिनमध्ये घालून दिली, ती आजही वापरतात. छत्रीच्या तोंडाशी जास्तीत जास्त किती, तर वॅट गुणिले चार, भागिले छत्रीचं क्षेत्रफळ. 1.2 मीटरच्या छत्रीचं क्षेत्रफळ सुमारे 1.13 चौरस मीटर भरतं. डबी 2 वॅटची असेल, तर आकडा येतो 7. म्हणजे अगदी छत्रीच्या तोंडाशीसुद्धा मर्यादेच्या आत. पुढे झोतामध्ये तो साडेचारच्या आसपास उतरतो. आणि झोताच्या मध्यापासून छत्रीच्या एका व्यासाएवढं, म्हणजे सव्वा मीटर, बाजूला झालं की तो निदान शंभर पटीने घटतो. म्हणजे 0.05 च्या घरात आला. मर्यादेच्या दोनशेव्या भागाएवढा. तुमच्या खाटा तर बाजूलाही नाहीत, पाठीमागे आहेत.

डबी 4 वॅटची निघाली, तर हे सगळे आकडे दुप्पट करा. छत्रीच्या तोंडाशी 14 येतील, म्हणजे तिथे मर्यादा ओलांडली जाईल. खाटेजवळ तरीही मर्यादेच्या शंभराव्या भागाहून कमीच राहील. आपल्या देशाने 1 सप्टेंबर 2012 पासून मोबाइल टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढी कडक मर्यादा लागू केली होती. ती फूटपट्टी इथे लावली, तरी तुमची गच्ची आरामात पास होते. आणि हे सगळं ट्रान्समीटर अखंड चालू आहे असं धरून. एटीएमची छत्री बहुधा अखंड बोलत नाही. कुणी कार्ड घातलं की क्षणभर संदेश सोडते आणि गप्प बसते. सरासरी काढली तर आकडा आणखी उतरतो.

बाळाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण लोकांच्या मनात रेडिएशन म्हटलं की एक्स-रे येतो. एक्स-रेच्या किरणात अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याची ताकद असते, म्हणून गरोदरपणात तो गरज असेल तेव्हाच काढतात. छत्रीच्या लहरींच्या एका कणात त्याच्या लाखाव्या भागाचीही ताकद नसते. त्यांचा शरीरावरचा सिद्ध झालेला परिणाम एकच: पुरेशी ताकद असेल तर त्या तापवतात. आणि 14 गिगाहर्ट्झच्या लहरी कातडीच्या पहिल्या काही मिलिमीटरांतच विरून जातात, गर्भापर्यंत पोचतच नाहीत. तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 साली रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकलं. खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तो निर्णय मुख्यतः मोबाइल कानाला लावून तासन् तास बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर झाला आणि तो पुरावाही मर्यादित आहे असं त्याच संस्थेने म्हटलं आहे. कानाला लावलेल्या फोनमुळे डोक्याला जेवढं मिळतं त्याच्या तुलनेत त्या खाटेवर पोचणारं काहीच नाही. लेकीला काही सांगायचंच असेल, तर झोपताना मोबाइल उशाखाली ठेवू नकोस, एवढं सांगा.

लेकीच्या बाबतीत मला खरी धास्ती वाटते ती उन्हाची. मे महिन्यात भुसावळ-यावलकडे पारा 44-45 वर जातो. दुपारी तापलेल्या खोलीत किंवा पत्र्याखाली सातव्या महिन्याची बाई कोंडून बसली तर अंगातलं पाणी कमी होतं, ताप चढतो आणि तो आई-बाळ दोघांना खरोखर बाधतो. छत्रीच्या भीतीने तिला रात्री खाली उकाड्यात झोपवणं हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार होईल. गच्चीवरचा रात्रीचा वारा तिला हवाच आहे. दुपारचं बिबडे-कुरडयांचं काम तेवढं तिला यंदा देऊ नका.

आता पोराचं. छत्री आणि दांडीवरचं फीड यांच्या मधली जागा ही व्हीसॅटमधली सगळ्यात तापट जागा असते. सगळे वॅट त्या चिमुकल्या तोंडातून बाहेर पडतात. चार सेंटिमीटर व्यासाचं तोंड आणि 2 वॅटची डबी धरली, तर तिथे सरासरी आकडा चौरस मीटरला दीड हजार वॅटवर जातो, मर्यादेच्या दीडशे पट. एकूण ताकद दोनच वॅट असल्यामुळे क्षणभर हात मधे गेला तर काही भाजत नाही, हे खरं. म्हणून आजवर जे झालं त्याने घाबरून जाऊ नका, त्याला काही झालेलं नसणार. पण चेंडू शोधताना पोरगं नेमकं तोंड खाली घालून त्या फीडच्या समोर येतं आणि डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसल्यामुळे त्याला मिळालेली उष्णता लवकर निघून जात नाही. अनुभवी तंत्रज्ञसुद्धा तिथे हात घालण्याआधी ट्रान्समीटर बंद करतो. पोराला सरळ शब्दांत सांगा: छत्रीच्या पाठीमागून जायचं, पुढून नाही, आणि चेंडू छत्रीत अडकला तर बँकेच्या माणसाला हाक मारायची. शिवाय दुसऱ्याच्या गच्चीच्या कठड्यावर चढणारं बारा वर्षांचं पोर पडलं तर काय, हा विचार तुमच्या मनात आलाच असेल.

त्याच्या अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकत्व मोजणारा छोटा सेन्सर असतो, असली अ‍ॅप त्याच्यावरच चालतात. काटा लाल झाला तो कठड्यातल्या सळईमुळे किंवा खाटेच्या लोखंडामुळे. 14 गिगाहर्ट्झची लहर त्या सेन्सरला कळतच नाही. बाजारात मिळणारे स्वस्त मीटरही बहुतेक तिथपर्यंत पोचत नाहीत, ते घरातलं वायफाय आणि जवळचा मोबाइल टॉवर दाखवतात आणि माणूस दोष छत्रीला देतो. खरी मोजणी करायची तर 14 गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी तपासून प्रमाणित केलेलं महागडं यंत्र लागतं. तुमच्या बाबतीत त्याची गरज नाही, साधा हिशेब पुरे आहे.

पट्ट्या विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. भिंतीला चिकटवलेली बोटभर पट्टी घरभरच्या लहरी शोषू शकत नाही. त्या बाराशे रुपयांत लेकीसाठी दूध आणि फळं आणा. मला अशा लोकांचा राग येतो, कारण ते नेमके गरोदर बाई असलेलं घर हेरतात.

पत्र्याच्या भिंतीबद्दल यजमानांना माझा निरोप द्या की नको. तुमच्या बाजूला अडवण्यासारखं काही येतच नाही. उलट मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला रावेर-यावलकडे जी वावटळ आणि वादळं येतात, ती उभ्या केळीच्या बागा आडव्या करतात. गच्चीवर उभा केलेला पत्रा त्या वाऱ्यात कुणाच्या तरी अंगावर जाईल. छत्रीच्या समोरच्या बाजूला तर कुणीही पत्रा, टाकी किंवा धातूची जाळी ठेवू नये. आकाशात जाणारा झोत तिच्यावर आपटून खाली, माणसांच्या दिशेने वळू शकतो.

त्याच वादळाच्या निमित्ताने बँकेच्या छत्रीकडे एकदा नीट बघा. मला लहरींपेक्षा तिच्या पायाची काळजी जास्त वाटते. सव्वा मीटरची छत्री वाऱ्याला शिडासारखी अडते. कित्येक ठिकाणी गच्चीला भोक पाडू नये म्हणून ती नुसत्या लोखंडी चौकटीवर सिमेंटचे ठोकळे ठेवून उभी करतात. ठोकळे कमी पडले किंवा बोल्ट गंजले, तर ती सगळी चौकट सरकते, आणि तुमच्या खाटा चार-पाच पावलांवर आहेत. तिचं अर्थिंग झालं आहे का, वीजवाहक तार खाली जमिनीपर्यंत नेली आहे का, हेही विचारा. विजा चमकायला लागल्या की मात्र सगळ्यांनी गच्ची सोडायची, छत्री असो वा नसो.

शाखाधिकाऱ्यांना एक साधं पत्र द्या, भांडणाच्या सुरात नको. त्यात छत्रीचा व्यास, बीयूसीचे वॅट आणि ती कोणत्या फ्रिक्वेन्सीवर सोडते, हे तीन आकडे मागा. छत्रीभोवती साखळी किंवा कठडा आणि 'समोर उभे राहू नये' अशी मराठी पाटी लावण्याची विनंती करा. पावसाळ्याआधी बोल्ट, ठोकळे आणि अर्थिंग तपासून घ्यायला सांगा. हे सगळं व्हीसॅट पुरवणाऱ्या कंपनीचंच काम आहे, शाखेने एक फोन केला की तंत्रज्ञ येतो. तो आला की यजमानांना वर पाठवा आणि डबीवरचं लेबल डोळ्यांनी वाचून घ्या. आकडे मिळाले की मी वर दिलेला गुणाकार-भागाकार दिराच्या मुलाकडूनच करून घ्या, त्याला या विषयाची हौस दिसते. उत्तर दहाच्या खाली आलं तर छत्रीच्या तोंडाशीसुद्धा मर्यादा पाळली जाते आहे. वर आलं, तर साखळी आणि पाटी यांचा आग्रह सोडू नका.

दुसऱ्या वाचकांसाठी एक पुरवणी. हा हिशेब एटीएम, पेट्रोल पंप यांच्या छोट्या व्हीसॅटचा आहे. सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा निवडणुकीच्या मतमोजणीला वृत्तवाहिन्यांच्या ज्या गाड्या टपावर छत्री घेऊन येतात, त्यांचा ट्रान्समीटर शंभर वॅटचा किंवा त्याहून मोठा असू शकतो. सव्वा मीटरच्या छत्रीतून शंभर वॅट सोडले, तर तोंडाशी आकडा साडेतीनशेवर जातो. झोत वर जातो म्हणून रस्त्यावर उभ्या माणसाला काही होत नाही. पण गंमत बघायला गाडीच्या टपावर चढणारी किंवा लगतच्या उंच माळवदावरून छत्रीच्या समोर डोकावणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना खाली उतरवा. आणि ज्यांची खरी शंका मोबाइल टॉवरबद्दल आहे, त्यांनी दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या पोर्टलवर आपल्या भागातला टॉवर शोधावा. शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीची मागणीही तिथे करता येते.

ताई, लेकीच्या डॉक्टरांकडे आखाजीनंतरची तपासणी कधी आहे ते आताच विचारून ठेवा. यावलहून जायचं म्हणजे उन्हाच्या आत, सकाळी लवकर निघा.